उन्हाळी, मूत्रसंसर्ग आणि पाण्याची बाटली

मार्च संपत आला की घरोघरी एक तक्रार ऐकू येऊ लागते : ‘उन्हाळी लागली.’ लघवीला जळजळ होते, थोडी थोडी आणि सारखी होते, रंग गडद होतो. मग आजी धन्या-जिऱ्याचे पाणी करून देते, कोणी सब्जा भिजत घालते, कोणी माठात वाळ्याची जुडी टाकते. दोन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते. काहींना मात्र वाटत नाही. थंडी वाजून ताप भरतो, पाठीत बरगड्यांखाली दुखू लागते आणि डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागते.

घोटाळा शब्दात आहे. ‘उन्हाळी’ या एकाच नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी घालतो. एक म्हणजे घाम फार गेल्यामुळे आणि पाणी कमी प्यायल्यामुळे दाट झालेली लघवी. ती मूत्रमार्गाला झोंबते, पण तिच्यात रोग नसतो. दुसरी म्हणजे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. पहिल्या प्रकारात पोटात चार तांबे पाणी गेले की काम होते. मग त्यात धने असोत, वाळा असो की काहीही नसो. दुसऱ्या प्रकारात पाण्याची मदत होते, पण पाणी पुरेसे पडेलच असे नाही. आणि बाहेरून पाहता सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणूनच या आजाराभोवती दोन टोकांच्या समजुती वाढल्या आहेत. एका टोकाला औषधाच्या दुकानातून चार गोळ्या मागून आणणारे. दुसऱ्या टोकाला ‘समग्र उपचार’ असे लेबल लावलेल्या बाटल्या आणि पुड्या. समग्र हा शब्द चांगला आहे, तो असा वाया जाऊ देऊ नये. आमच्या मते समग्र विचार म्हणजे जीवाणू, त्याला विरोध करणारे शरीर, शरीरावर राहणारे इतर निरुपद्रवी जीवाणू, आपल्या सवयी, दुकानातले औषध आणि शाळेतले स्वच्छतागृह या सगळ्यांचा एकत्र विचार. आणि यांतील प्रत्येक उपायाला एकच कसोटी लावायची : तपासून पाहिल्यावर तो टिकतो का?

आतड्यातला शेजारी

या संसर्गाला कारण होणारा मुख्य जीवाणू बाहेरून येणारा कोणी शत्रू नव्हे. १८८५ साली थिओडोर एशेरिश या जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत त्याचे वर्णन केले. पुढे त्याच्याच नावावरून त्याला एशेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, हे नाव पडले. तो आपल्या सर्वांच्या आतड्यात राहतो आणि तेथे बहुधा काही उपद्रव करीत नाही. मूत्राशयाच्या साध्या संसर्गांपैकी चारांतले तीन त्याच्यामुळे होतात. म्हणजे प्रश्न जीवाणू असण्याचा नाही, तो जेथे असू नये तेथे जाण्याचा आहे.

हे जाणे स्त्रियांच्या बाबतीत सोपे असते. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब, पुरुषाचा सुमारे २०. शिवाय स्त्रीच्या शरीरात मूत्रमार्गाचे तोंड गुदद्वारापासून फार दूर नाही. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. रचनेचा हा परिणाम आहे. त्याचा संबंध मुलीच्या चारित्र्याशी किंवा ‘अस्वच्छपणा’शी जोडणे हा निव्वळ अडाणीपणा होय. शरीरसंबंधामुळे जीवाणू मूत्रमार्गात ढकलले जाऊ शकतात हे खरे, पण हा गुप्तरोग नाही. तो अविवाहित मुलींना होतो, आजींना होतो, तान्ह्या बाळांनाही होतो. हे वर्गात स्पष्टपणे सांगण्याची गरज आहे, कारण लाजेपायी मुली तक्रार सांगत नाहीत आणि तेवढ्यात जीवाणू मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असतो.

थोडी आकडेमोड

मूत्राशयाला रोज जीवाणूंची भेट घडत असणार. तरीही आपण रोज आजारी पडत नाही, ते का? पहिले उत्तर साधे आहे : प्रवाह. लघवी होते तेव्हा मूत्राशय धुऊन निघतो. हे किती परिणामकारक आहे ते फळ्यावर गणित मांडून पाहता येईल.

समजा, मूत्राशयात १,००० जीवाणू शिरले आणि दर अर्ध्या तासाला त्यांची संख्या दुप्पट होते. मूत्राशयात ३०० मिलिलिटर लघवी साठल्यावर आपण तो रिकामा करतो व ३ मिलिलिटर, म्हणजे शंभरावा भाग, आत उरतो. दर तीन तासांनी लघवीला गेल्यास मधल्या काळात सहा दुपटी होतील : १,००० चे ६४,०००. त्यांतले ९९ टक्के वाहून जातील, उरतील ६४०. पुढच्या खेपेला ४१०, त्यापुढे २६२. संख्या घटत जाते.

आता तीच मुलगी सकाळी दहा ते दुपारी चार अशी सहा तास थांबली तर? बारा दुपटी, म्हणजे ४,०९६ पट. १,००० चे जवळपास ४१ लाख होतील आणि लघवी करून आल्यावरही ४१ हजारांच्या आसपास उरतील. सुरुवातीच्या चाळीस पटींहून अधिक!

तिसरी शक्यता अशी. ती तीन तासांनी गेली, पण दाराला कडी नव्हती, बाहेर रांग होती. घाईत अर्धवट उठली. ३ ऐवजी ३० मिलिलिटर आत राहिले. आता दर खेपेला दहावा भाग उरतो. १,००० चे ६,४००, मग सुमारे ४१ हजार, मग अडीच लाखांहून अधिक. वेळेवर जाऊनही संख्या वाढत गेली. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना विचारावे की शंभरावा भाग उरत असेल तर संख्या वाढू लागण्याची सीमा कोठे येईल? लॉगॅरिथम वापरल्यास उत्तर सुमारे ३ तास २० मिनिटे येते.

हा आकडा वैद्यकीय नियम म्हणून मात्र कोणी घेऊ नये. अर्ध्या तासाची दुप्पट आम्ही सोयीसाठी धरली आहे. शिवाय याच गणिताने पाहिले तर रात्रभर आठ तास झोपणारा प्रत्येक माणूस सकाळी संसर्ग घेऊनच उठला पाहिजे. तसे होत नाही, म्हणजे आपल्या गणितात काहीतरी सुटले आहे. १९६१ साली कॉक्स आणि हिनमन या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांनी स्वेच्छेने तयार झालेल्या निरोगी माणसांच्या मूत्राशयात मुद्दाम जीवाणू सोडून पाहिले होते. (आज असा प्रयोग करायला कोणतीही नीतिसमिती सहजी परवानगी देणार नाही.) काही दिवसांतच ते नाहीसे झाले. केवळ धुऊन निघण्याने एवढे साधत नाही. लघवीतील युरिया, आम्लता व क्षार जीवाणूंची वाढ मंदावतात, अस्तरातील पेशी त्यांना मारणारी प्रथिने सोडतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. संसर्ग होतो तो या सगळ्यांवर मात करणाऱ्या जीवाणूंमुळे. ती मात ते कशी करतात, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे.

हुक आणि आमिष

मूत्रसंसर्ग करणाऱ्या ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे शेकडो बारीक तंतू असतात. प्रत्येक तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचे प्रथिन असते आणि त्याची पकड मॅनोज या शर्करेवर बसते. आपल्या मूत्राशयाच्या अस्तरावरील प्रथिनांना मॅनोज लटकलेले असते. जीवाणू तेथे हुक अडकवतो आणि टिकून राहतो.

पण प्रवाहाने तो सुटून जायला नको का? येथे गंमत आहे. २००२ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील शास्त्रज्ञांनी दाखवले की प्रवाह जोराने ओढू लागला की फिम-एचची पकड सैल होण्याऐवजी घट्ट होते. प्रथिनाचा आकारच ताणाने बदलतो. जत्रेत वेताच्या पात्यांची विणलेली नळी मिळे; तिच्यात बोट घालून ओढले की ती अधिकच आवळत असे. तसेच हे. प्रवाह थांबला की पकड सैल होते आणि जीवाणू पुढे सरकतो. काही जीवाणू तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरून तेथे वसाहत करतात. औषध संपल्यावर काही आठवड्यांनी तोच संसर्ग पुन्हा उलटण्याचे हे एक कारण असावे असे मानले जाते.

शरीराचे उत्तरही तोडीस तोड आहे. १९५० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी मानवी लघवीतून एक प्रथिन वेगळे केले. आज त्याला युरोमोड्युलिन म्हणतात. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत अधिक असणारे प्रथिन हेच. मूत्रपिंड ते रोज तयार करून फेकून देते. हा अपव्यय कशासाठी, याचा उलगडा पुष्कळ वर्षे झाला नव्हता. या प्रथिनावरही मॅनोज असते. ई. कोलाय त्यालाच अस्तर समजून हुक अडकवतो आणि प्रथिनासकट बाहेर वाहून जातो. म्हणजे हे एक आमिष आहे! हे प्रथिन बनवू न शकणारे उंदीर या संसर्गाला लवकर बळी पडतात असेही पुढे दिसले.

एवढे कळल्यावर कोणाच्याही मनात येईल की आपणच मॅनोज खाल्ले तर? ते लघवीत उतरेल, जीवाणूंचे सगळे हुक त्यातच गुंततील. कल्पना इतकी पटण्यासारखी की मॅनोजची पावडर जगभर ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून विकली जाऊ लागली. शेवटी ब्रिटनमध्ये तिची नीट चाचणी झाली व २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज २ ग्रॅम मॅनोज आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी फ्रुक्टोजची पावडर देण्यात आली. कोणाला काय मिळते आहे हे स्त्रियांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के स्त्रियांना पुन्हा संसर्गाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जावे लागले, फ्रुक्टोजवाल्यांपैकी ५५.७ टक्के स्त्रियांना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. उपाय कसोटीला उतरला नाही.

क्रॅनबेरीची गोष्ट उलट झाली. हे उत्तर अमेरिकेतले आंबट लाल फळ. आजीबाईचा बटवा म्हणून पुष्कळ डॉक्टरांनी ते मोडीत काढले होते आणि पूर्वीच्या आढाव्यांतही त्याच्या बाजूने फारसे काही निघाले नव्हते. पण २०२३ साली पन्नास चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत पुन्हा संसर्ग होण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने आणि मुलांमध्ये निम्म्याहून थोडा अधिक कमी झालेला दिसला. वृद्धाश्रमांतील लोकांना व गरोदर स्त्रियांना मात्र लाभ दिसला नाही. आणि हे सारे प्रतिबंधापुरते. झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होत नाही. आपली करवंदे रंगारूपाने तिच्या जवळची वाटतात, पण वनस्पतींची कुळे वेगळी आहेत. एकीचा निष्कर्ष दुसरीला लावता येणार नाही.

मग पाणी? त्याचीही चाचणी झाली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बल्गेरियातील १४० स्त्रिया होत्या. सगळ्यांना वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होत असे आणि सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पीत. निम्म्यांना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांना ३.२ वेळा. प्रतिजैविकांची गरजही जवळजवळ निम्म्यावर आली. या अभ्यासाचा खर्च बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीने केला होता, हे ध्यानात ठेवलेले बरे. मात्र निष्कर्ष बाटलीतल्या पाण्यापुरता नाही, पाणी नळाचे असले तरी चालते. स्वच्छ हवे इतकेच. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी मात्र डॉक्टरांचेच ऐकावे.

राखणदार

दूध विरजताना आपण जे पाहतो तेच काहीसे स्त्रीच्या योनिमार्गात चालू असते. तेथे लॅक्टोबॅसिलस कुळातले जीवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबट वातावरणात ई. कोलायला पाय रोवता येत नाही. मूत्रमार्गाच्या वेशीवरचे हे राखणदार होत. त्यांना लागणारे खाद्य इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली तयार होते. पाळी कायमची बंद झाल्यावर इस्ट्रोजेन घटते, राखणदार पांगतात आणि संसर्ग वाढतात. १९९३ साली राझ आणि स्टॅम यांनी अशा ९३ स्त्रियांवर केलेली चाचणी या विषयात मैलाचा दगड मानली जाते. योनिमार्गात इस्ट्रोजेनचे मलम लावणाऱ्यांत लॅक्टोबॅसिलस परतले आणि संसर्गाचे प्रमाण वर्षाला दर स्त्रीमागे ०.५ राहिले; औषधाविना नुसते मलम लावणाऱ्यांत ते ५.९ होते. जीवाणूला मारणारे काहीही न देता! डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचा हा उपाय आपल्याकडे अनेक आजींपर्यंत पोचतच नाही. दह्यातले जीवाणू या राखणदारांचे भाऊबंद असले तरी जाती वेगळ्या. दही जरूर खावे, पण हा उपचार म्हणून नव्हे.

अनावश्यक प्रतिजैविक या राखणदारांनाही मारते. म्हणून लघवीच्या तपासणीत जीवाणू दिसले, पण त्रास काहीच नाही, अशा वेळी गरोदरपणासारखे काही अपवाद सोडता औषध देत नाहीत. स्वीडनमध्ये गॉथेनबर्ग येथे एका शाळकरी मुलीच्या लघवीत ई. कोलायचा एक वाण सापडला होता. तो तिने तीन वर्षे बाळगला, पण तिला कधी त्रास झाला नाही. पुढे ज्यांचा मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही अशा रुग्णांत हाच निरुपद्रवी वाण मुद्दाम सोडला असता त्यांचे त्रासदायक संसर्ग कमी झाले. जागा आधीच भरलेली असली की नव्याला शिरकाव अवघड जातो.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक दुवा आहे व तो घरी सहज सुटतो : बद्धकोष्ठ. भरलेले मोठे आतडे शेजारच्या मूत्राशयावर दाब देते आणि तो नीट रिकामा होत नाही. आपल्या गणितातला ‘उरलेला भाग’ वाढतो. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या मुलाला शौचाला कसे होते, हे विचारल्याखेरीज उपचार पुरा होत नाही.

गोळी केव्हा

येथवर वाचून कोणी प्रतिजैविके नकोतच असा अर्थ काढू नये. ताप, हुडहुडी, पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त. किंवा रुग्ण गरोदर, तान्हे मूल, मधुमेही अथवा पुरुष असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. मूत्रपिंडाचा संसर्ग रक्तात पसरून जीव घेऊ शकतो आणि तेथे धने-जिरे उपयोगाचे नाहीत. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात नुसते वेदनाशामक पुरते का, हे जर्मनीत ४९४ स्त्रियांवर पाहिले गेले. २०१५ च्या त्या अभ्यासात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया प्रतिजैविकाशिवाय बऱ्या झाल्या. पण त्यांना त्रास अधिक दिवस झाला आणि पाच जणींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. प्रतिजैविक घेणाऱ्यांत एकीचाच गेला. तेव्हा थांबून पाहण्याचा निर्णय डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावा.

गोळी घ्यायची तर ती कोणती, हा आज भारतात गंभीर प्रश्न झाला आहे. मोठ्या रुग्णालयांतील नमुन्यांत निम्म्याहून अधिक ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालेनासे झाले आहे. हेच औषध वर्षानुवर्षे जळजळ झाली की दुकानातून सुटे मिळत असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने आपल्याकडे खळबळ उडवली होती. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या शरीरात कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारा जीवाणू सापडला. त्याच्या जनुकाला नव्या दिल्लीचे नाव दिल्याबद्दल आपण रागावलो. पण तो जीवाणू सापडला होता लघवीत, साध्या वाटणाऱ्या मूत्रसंसर्गात, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. मार्च २०१४ पासून राखीव प्रतिजैविकांची विक्री दुकानदाराने नोंदवहीत लिहावी असा नियम आहे. २०१६ पासून औषधाच्या पाकिटावरच्या लाल रेघेचा अर्थ लोकांना सांगितला जात आहे : चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

यात एक जुने औषध टिकून आहे, ते म्हणजे १९५० च्या दशकातले नायट्रोफ्युरान्टॉइन. बहुसंख्य ई. कोलाय अजून त्याला दबतात. ते जीवाणूच्या आत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते. शिवाय ते लघवीत एकवटते आणि आतड्यातील इतर जीवाणूंना फारसे छेडत नाही. मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या संसर्गाला मात्र ते पुरत नाही, म्हणून निवड डॉक्टरांनीच करायची. आम्लधर्मी लघवीत ते अधिक चांगले काम करते. आपल्याकडे जळजळीवर लघवी अल्कधर्मी करणारे सरबत सर्रास घेतले जाते. दोन्ही एकदम घेतली तर एकाचा जोर दुसरे कमी करते. घरात आधीचे सरबत चालू असेल तर डॉक्टरांना ते सांगावे. तसेच संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर पहिली गोळी घेण्यापूर्वी कल्चरसाठी मधल्या धारेची लघवी द्यावी. गोळी घेतल्यावर दिलेल्या नमुन्यात जीवाणू वाढतच नाहीत आणि अहवालाला अर्थ उरत नाही.

करंगळी

आता शाळेकडे येऊ. १९९७ साली अमेरिकेतील सुमारे आठशे शिक्षिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्या शिक्षिका शाळेत जाणूनबुजून कमी पाणी पीत होत्या, कारण तास सोडून जाता येत नाही. अशा शिक्षिकांत मूत्रसंसर्गाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. लघवीला कमी वेळा जाण्याचा मात्र संसर्गाशी संबंध दिसला नाही. आपल्या गणिताशी हे पूर्ण जुळत नाही, आणि ते झाकून ठेवण्याचे कारणही नाही. बहुधा निरोगी प्रौढ शरीर थोडे थांबणे सोसते, पण पाणीच नसले तर प्रवाह कोठून येणार?

सोय आणि शुचिता यांचे हे नाते आपल्याकडे न्यायालयापर्यंत गेले आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीने स्त्रियांच्या मुताऱ्यांचा प्रश्न धसाला लावला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने केलेल्या याचिकेवर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारण्याबाबत महापालिकांना निर्देश दिले. शाळांसाठी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी यांची अट आहे. २०१९ मध्ये केरळातील शाळांनी ‘पाण्याची घंटा’ सुरू केली. दिवसातून काही ठरावीक वेळी घंटा होते आणि सगळ्यांनी पाणी प्यायचे. पुढे इतर राज्यांनीही ती उचलली.

ही घंटा वाजली आणि मुलींनी खरोखरच पाणी प्यायले, तर पुढच्या दीड-दोन तासांत काय होईल याचे गणित शाळेने केलेले असते का? समजा, शाळेत २०० मुली आहेत, वापरण्याजोगी चार स्वच्छतागृहे आहेत आणि छोटी सुट्टी १० मिनिटांची आहे. एकीला आत-बाहेर धरून २ मिनिटे लागतात. मग सुट्टीत २० मुलींचे होईल. उरलेल्या १८० पैकी काही तासात करंगळी दाखवतील. ‘आत्ताच सुट्टी झाली ना?’ असे ऐकावे लागले की त्या पुन्हा दाखवणार नाहीत. बाकीच्या शहाण्या मुली घंटा झाली की बाटली ओठाला लावून खाली ठेवतील. दाराला कडी नसेल, बादलीत पाणी नसेल, किंवा पाळीच्या दिवसांत काही टाकायला जागा नसेल तर त्या वीस जणींतल्याही काही कमी होतील.

ही आकडेमोड वर्गात करण्यासारखी आहे. मुलींनी घड्याळ लावून आपल्या शाळेतले खरे आकडे टिपावेत : चालू कड्या किती, नळाला पाणी किती वाजेपर्यंत, कुलूप किती वाजता, रांग किती लांब. दिवसातून किती वेळा पाणी प्यायले, याची नोंद नावाशिवाय चिठ्ठीवर घ्यावी. शिक्षिकांनी आपलीही चिठ्ठी त्यात टाकावी. तास सुरू असताना विचारणा न करता दोघींना जाऊ देण्याची सवलत दिली आणि सुट्ट्या इयत्तेनुसार पाच-दहा मिनिटांनी पुढे-मागे केल्या तरी वरचा वीसचा आकडा एका पैशाच्या बांधकामाशिवाय दुप्पट-तिप्पट होतो. कडी, बादली आणि नळ यांना मात्र पैसे लागतात. त्याचा निर्णय सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समितीपुढे येतो आणि त्या समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे कायद्यातच लिहिलेले आहे.